ॲल्विन क्लार्क : सरोवराने १०५ वर्षं सांभाळलेलं जहाज हवेत २५ वर्षांत कसं संपलं

१९६९च्या जुलैत मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यातून दोन डोलकाठ्यांचं एक लाकडी मालवाहू जहाज वर काढण्यात आलं. सुमारे ११० फूट खोल पाण्यात ते १०५ वर्षं उभं होतं. पोटातला गाळ आणि पाणी उपसल्यावर ते स्वतःच्या बळावर तरंगलं. १९९४ मध्ये त्याच जहाजावर यंत्र चालवून त्याचा ढिगारा करण्यात आला. पाण्यावर ते जेमतेम १८ वर्षं चाललं होतं, पाण्याखाली १०५ वर्षं टिकलं आणि हवेत २५ वर्षांत गेलं.

या प्रकरणाचा निकाल सहसा एका वाक्यात लावला जातो: पैसे मिळाले नाहीत. ते खरं आहे, पण अर्धंच. पैसे नेमके कशासाठी हवे होते, किती काळ हवे होते आणि मिळाले असते तरी त्या लाकडावर उपचार लागू पडले असते का, हे पाहिल्याशिवाय या जहाजाचं काय चुकलं ते कळत नाही. जहाज कुजकं निघालं असतं तर ते वर काढायचा मोह कोणाला झाला नसता. लाकूड इतकं धडधाकट होतं, म्हणूनच सगळे फसले.

जहाज आणि २९ जून १८६४

ॲल्विन क्लार्क १८४६-४७च्या सुमारास डेट्रॉइट नदीकाठी ट्रुआगो इथे बांधलं गेलं. आज त्या गावाला ट्रेन्टन म्हणतात. लांबी सुमारे १०५ फूट, रुंदी २५ फूट आणि मालाच्या कोठ्याची खोली ९ फुटांच्या आसपास. म्हणजे उथळ, पोट फुगीर असलेलं स्कूनर, मुख्य शिडं लांबीच्या दिशेने लावलेलं शिडाचं जहाज. सरोवरांतली बंदरं आणि कालवे यांना हाच बांधा सोयीचा होता. पुढच्या डोलकाठीच्या वरच्या भागात आडवी परबाणं, म्हणजे चौकोनी शिडं टांगायचे दांडे, होती. वारा मागून असला की चौकोनी शिडं उपयोगी पडत, पण ती चालवायला माणसं जास्त लागत. पुढे सरोवरांवरच्या जहाजांतून ती जवळजवळ गेलीच. त्यामुळे या रचनेचं एक अख्खं जहाज हाती येणं ही साधी गोष्ट नव्हती.

२९ जून १८६४ रोजी ते लाकूड भरायला रिकामंच विस्कॉन्सिनमधल्या ओकॉन्टोकडे निघालं होतं. वाटेत कोठा साफ करण्याचं काम चालू होतं, म्हणून डेकवरची झाकणं काढलेली होती. चेंबर्स बेटाजवळ अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आला. रिकामं जहाज म्हणजे तळाला वजन नाही, आणि वर शिडं फुगलेली. ते आडवं झालं आणि उघड्या तोंडांतून पाणी आत शिरलं. पाच जणांपैकी तीन गेले, त्यांत कप्तानही होता. झाकणं बसवलेली असती तर आडवं झालेलं जहाज काही काळ तरी तरंगत राहिलं असतं. पण तळाशी ते सरळ बसलं आणि डोलकाठ्या उभ्याच राहिल्या, याचं कारणही हेच असावं. ते कशावर आदळून फुटलं नव्हतं, फक्त भरून खाली गेलं होतं. खडकावर आपटलेली किंवा किनाऱ्यावर लाटांनी फोडलेली जहाजं सरोवरांत कितीतरी आहेत. त्यांचा बहुतेक वेळा पसरट तळ आणि काही बरगड्या, एवढंच उरतं.

तळाशी काय टिकलं आणि कशामुळे

१९६७च्या नोव्हेंबरमध्ये एका मच्छीमाराची जाळी तळाशी अडकली. ती सोडवायला फ्रँक हॉफमन हा पाणबुड्या उतरला आणि त्याला उभ्या डोलकाठ्यांचं अख्खं जहाज दिसलं. जहाज कोणतं, हे सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याचं नाव ‘मिस्टरी शिप’ असं पडलं आणि ओळख पटल्यावरही तेच चिकटून राहिलं.

लाकूड टिकण्यामागे तीन-चार कारणं होती आणि ती सगळी त्या जागेची होती. पहिलं म्हणजे गोडं पाणी. समुद्रात उघड्या लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टेरेडो, लाकूड पोखरणारा शिंपला. दहा-वीस वर्षांत तो ओकची फळी पोळ्यासारखी करून टाकतो. पाण्याचा खारेपणा हजारात आठ-नऊ भागांच्या खाली गेला की त्याची वाढ होत नाही, त्यामुळे गोड्या सरोवरात तो नसतोच. दुसरं कारण थंडी. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. ते खाली बसतं आणि उन्हाळ्यात वरचा थर कितीही तापला तरी खोलवर गारवा टिकून राहतो. तिसरं कारण अंधार आणि स्थिरता, कारण शंभर फुटांखाली वादळी लाटांचा जोर फारसा पोचत नाही. आणि चौथं, बारीक गाळ. जहाजाचं पोट गाळाने भरलं होतं आणि गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. प्राणवायू नसला की बुरशी नाही. उरतात ते काही जिवाणू, आणि त्यांचं काम अतिशय संथ चालतं. कोठ्यात आणि खोल्यांत वापराच्या वस्तू जागच्या जागी मिळाल्या. त्यांत मातीच्या भांड्यातलं चीजही होतं.

संथ म्हणजे थांबलेलं नव्हे. हे जिवाणू पेशीभिंतीतलं सेल्युलोज खातात आणि लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनची जाळी मागे ठेवतात. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. बाहेरून लाकडाचा आकार तसाच, करवतीच्या खुणासुद्धा दिसतात, पण वरच्या थराला आकार देणारं आता लाकूड नसतं, पाणी असतं. या प्रकरणातली पुढची प्रत्येक गोष्ट इथूनच निघते.

वर काढणं : जमलेला भाग

तांत्रिक बाजूने पाहिलं तर उचलण्याचं काम उत्तम झालं. त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे.

धड ओकच्या एक घनमीटरमध्ये साधारण ५६० किलो कोरडं लाकूड असतं. पेशीभिंतीच्या पदार्थाची घनता पाण्याच्या दीडपट असते, त्यामुळे हे ५६० किलो जेमतेम ०.३७ घनमीटर जागा व्यापतं. उरलेल्या जागेत सुमारे ६२७ लिटर पाणी मावतं. पूर्ण भिजलेल्या त्या घनमीटरचं वजन ११८७ किलो भरतं. पाण्याखाली मात्र ते फक्त १८७ किलो जाणवतं. म्हणजे लाकडाचा प्रत्येक भाग पाण्याबाहेर आला की दोरांवरचा त्याचा भार सहापटीहून जास्त वाढतो. गाळाचंही तसंच. घनमीटरला १४०० किलोचा गाळ पाण्यात ४०० किलो भरतो. पोट गाळाने भरलेलं असताना जहाज उचललं, तर पृष्ठभागावर येताच ते पोटातून फाटतं. म्हणून उचलण्याआधी गाळ उपसावा लागतो.

हॉफमन आणि त्याचे बहुतेक स्वयंसेवी सोबती यांनी हेच केलं. १९६८ आणि १९६९ या दोन मोसमांत गाळ उपसला, डोलकाठ्या काढून घेतल्या, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जहाजाखालच्या मातीतून आरपार बोगदे पाडले आणि त्यांतून पोलादी दोर ओढले. फवाऱ्याचा आणखी एक फायदा होतो. बारीक गाळात रुतलेला तळ चोषणाने धरून ठेवलेला असतो आणि पहिल्या झटक्याला प्रत्यक्ष वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ लागते. जहाजाच्या कण्याच्या, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईच्या कडेने पाणी खेळवलं की ती पकड सुटते.

काम किती चिकाटीचं होतं, ते पाणबुड्यांच्या वेळेवरून कळतं. त्या काळच्या अमेरिकन नौदलाच्या तक्त्यानुसार साध्या हवेवर ११० फुटांवर, वर येताना थांबे न घेता, फक्त २० मिनिटं मिळत. उतरायचा वेळ त्यातच धरलेला. वरून गाळ ढवळला की हातभरही दिसत नाही, आणि त्या खोलीवर नायट्रोजनमुळे डोकं थोडं जड होतंच. अशा वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांतून एक आख्खं जहाज मोकळं झालं.

ते आधी बार्जखाली लटकवून विस्कॉन्सिनच्या मॅरिनेटपर्यंत पाण्याखालूनच नेलं गेलं. हा निर्णय शहाणपणाचा होता. उघड्या पाण्यात, लाटांवर हेलकावणाऱ्या बार्जवरून जहाज पाण्याबाहेर काढणं म्हणजे सहापट भार झटक्यांसकट दोरांवर घेणं. मॅरिनेटला संथ पाण्यात पंप लावून ते पृष्ठभागावर आणलं. फळ्यांमधले सांधे अजून घट्ट होते. जहाज तरंगलं.

आणि इथेच घड्याळ सुरू झालं. पुढच्या कामासाठी टाकी, छप्पर, रसायन किंवा निधी, यातलं काहीच तयार नव्हतं. ते नदीपलीकडे मिशिगनमधल्या मेनॉमिनीला नेलं, डोलकाठ्या पुन्हा चढवल्या आणि तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. तिकिटाच्या पैशांतून जतन होईल, हा हिशेब होता.

लाकडात काय झालं

साधारण २० सेंटिमीटर जाडीची ओकची एक बरगडी आडवी कापली आहे असं समजू. बाहेरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थर मऊ आहे, दाभण बोटाने रेटलं तरी आत जातं. त्यानंतर एकदम कठीण लागतं. आतलं लाकूड कालच चिरल्यासारखं, रंगाने गडद, पण शाबूत.

जतनाच्या क्षेत्रात भिजलेल्या लाकडाची प्रत त्यातल्या पाण्यावरून ठरवतात: ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. ४००च्या वर आकडा गेला तर ते पहिल्या वर्गाचं, म्हणजे जवळजवळ स्पंजच. १८५ ते ४०० दुसरा वर्ग आणि १८५च्या खाली तिसरा. धड ओकचा आकडा ११२च्या आसपास येतो. बरगडीचा गाभा या तिसऱ्या वर्गात बसतो आणि बाहेरचा मऊ थर पहिल्या-दुसऱ्या वर्गात. एकाच लाकडाचे हे दोन भाग वाळताना एकमेकांशी भांडतात.

ताजा ओक वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने ८ ते १० टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ४-५ टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. खराब झालेल्या थराचं आकसणं मात्र याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. तिथे फक्त पेशीभिंत आकसत नाही, पेशीच चेपली जाते. बाष्प होताना पाण्याचा पृष्ठताण पोकळीच्या भिंतींना आत ओढतो आणि सेल्युलोज गेलेली भिंत तो ताण सोसत नाही. बाहेरचा थर आकसतो, आतला गाभा जागचा हलत नाही, आणि पृष्ठभागावर चौकोनी भेगा पडतात, अगदी उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. त्या ढलप्या हाताने निघतात. त्यांच्यासोबत हत्यारांच्या खुणा आणि कोरलेले आकडे, म्हणजे जहाज बांधणाऱ्याच्या हाताचा सगळा पुरावा जातो.

ही झाली पहिल्या एक-दोन वर्षांची गोष्ट. मग गाभ्याची पाळी येते. ३० सेंटिमीटर रुंदीची फळी ८ टक्के आकसली तर २४ मिलिमीटर कमी होते. प्रत्येक सांध्यात बोट जाईल एवढी फट. सांध्यात कोंबलेलं डांबरी सूत गळून पडतं. तळ पाण्यात आणि बाजू हवेत असलेल्या जहाजात हे आणखी वाईट होतं, कारण पाण्याखालच्या फळ्या फुगलेल्या राहतात आणि वरच्या आकसतात. बरगड्या मात्र दोन्हीकडे त्याच असतात, त्यांना पीळ पडतो.

आता फटींतून पावसाचं पाणी आत जातं. समुद्रापेक्षा पाऊस लाकडी जहाजाला जास्त मारतो, ही जुनी जाण आहे. बरगड्यांच्या मधल्या पोकळीत खडेमीठ भरायची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन जहाजबांधणीत होती ती याचसाठी. खारवलेल्या लाकडाला बुरशी सहसा लागत नाही. बुरशीला हवा असतो प्राणवायू, ऊब आणि लाकडात २० टक्क्यांहून थोडं जास्त पाणी. तळाशी पाणी भरपूर होतं, पण प्राणवायू नव्हता. संग्रहालयात प्राणवायू असतो, पण लाकूड १०-१२ टक्क्यांवर वाळलेलं असतं. उघड्यावर ठेवलेलं भिजकं जहाज मात्र वर्षानुवर्षं याच्या नेमकं मध्ये अडकतं. वाळतं, भिजतं, पुन्हा अर्धवट वाळतं. बुरशीला याहून चांगली जागा नाही. १०५ वर्षांत जिवाणूंना जे जमलं नाही, ते तिला काही उन्हाळ्यांत जमतं.

त्यात मेनॉमिनीचा हिवाळा. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. अर्धवट ओल्या लाकडात फुगायला मोकळी जागा तरी असते, पण काठोकाठ भरलेल्या पेशीत ती नसते.

खिळ्यांकडे कोणी फारसं बघत नाही, पण जहाज म्हणून जे काही उभं असतं ते त्यांच्यावरच. तळाशी असताना लोखंडी खिळ्यावर काळसर पातळ थर असतो. तो हवेत आला की काही तासांत नारिंगी होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो, भोवतालचं लाकूड फाकवतो आणि आतला खिळा बारीक होत जातो. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळा-काळा डाग पडतो. हा डाग म्हणजे नुसता रंग नाही, लोहाचे कण सेल्युलोज तुटण्याला हातभार लावतात. म्हणून जिथे पकड सर्वांत जास्त हवी, खिळ्याभोवतालची तीन-चार सेंटिमीटर, तिथलंच लाकूड सर्वांत आधी भुसा होतं. जहाज मग आपल्याच वजनाने पसरायला लागतं.

अशा वेळी हमखास सुचणारा उपाय म्हणजे वरून अळशीचं तेल, डांबर किंवा रंग देणं. भिजलेल्या लाकडावर तो उलटा पडतो. पृष्ठभाग बंद होतो, आतलं पाणी अडकतं, आणि बाहेरून झकास दिसणारी फळी आतून कुजते.

उपचार काय होता आणि त्याचा हिशेब

१९६९ मध्ये उपाय माहीत होता. स्टॉकहोमला १९६१ मध्ये वर काढलेल्या वासा या युद्धनौकेवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे पेगचा फवारा सुरू होऊन काही वर्षं झाली होती. पेग हे पाण्यात विरघळणारं मेण समजा. लाकडातलं पाणी हळूहळू जातं, त्याची जागा पेग घेतं आणि पेशी चेपत नाही. सुरुवात कमी टक्क्यांच्या द्रावणाने करून ते टप्प्याटप्प्याने वाढवायचं. घाई केली तर बाहेरचं दाट द्रावण आतलं पाणी झपाट्याने ओढून घेतं आणि जे टाळायचं तेच होतं. द्रावणात बुरशी-जिवाणू वाढू नयेत म्हणून बोरिक आम्ल आणि बोरॅक्स टाकतात. शेवटी हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षं थोडी थोडी उतरवत ५५ टक्क्यांच्या आसपास आणतात. वासाचा फवारा १७ वर्षं चालला आणि त्यानंतर वाळवायला आणखी ९ वर्षं गेली.

ॲल्विन क्लार्कच्या मापाचा एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. १०५ फूट लांब आणि २५ फूट रुंद जहाज बुडेल अशी टाकी म्हणजे निदान ३५ मीटर गुणिले ९ मीटर गुणिले ४ मीटर, १२६० घनमीटर. लाकूड १०० घनमीटर धरलं तर उरलेलं ११६० घनमीटर द्रावण. ते ४० टक्क्यांपर्यंत न्यायला जवळजवळ ५०० टन पेग लागेल. प्रत्यक्ष लाकडात जायला हवं ते ३०-३५ टन, बाकी सगळं टाकी भरण्यात. म्हणून मोठ्या जहाजांना फवारा परवडतो. त्यात द्रावण खाली गोळा होतं आणि पुन्हा वर जातं. पण फवाऱ्याला बंद इमारत लागते, पंप रात्रंदिवस चालावे लागतात आणि नळ्या तुंबल्या की तो भाग वाळतो. एका कुटुंबाच्या किंवा एका गावाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. दुसरा रस्ता ब्रेमेनच्या मध्ययुगीन जहाजाचा. ते १९६२ मध्ये वेझर नदीत सापडलं. ते तुकड्यातुकड्यांनी वर काढलं, पुन्हा जोडलं आणि टाकीत दोन टप्प्यांत भिजवलं, आधी हलक्या रेणूंचं पेग, मग जड रेणूंचं. शतक संपेपर्यंत काम चाललं.

आता मूळ मुद्दा. पेग जिथे जागा आहे तिथे जातं. सडलेल्या, स्पंजासारख्या लाकडात ते झरझर शिरतं. धड ओकच्या गाभ्यात ते जात नाही. पांढऱ्या ओकच्या नलिकांमध्ये टायलोस नावाच्या गाठी वाढून त्या बंद झालेल्या असतात. म्हणून तर त्याची पिंपं गळत नाहीत आणि म्हणूनच जहाजबांधणीत त्याला मान. ज्या गुणामुळे ॲल्विन क्लार्क १९६९ मध्ये तरंगलं, त्याच गुणामुळे त्यात औषध शिरलं नसतं. जड पेग फार तर वरच्या सेंटिमीटरभर, हलकं पेग त्याहून थोडं आत. गाभा आपल्या गतीने वाळणार आणि आकसणारच, तो फक्त इतक्या सावकाश वाळवायचा की त्याला तडे जाणार नाहीत. म्हणजे अशा जहाजाला रसायनापेक्षाही जास्त गरज होती छपराची आणि हवा ताब्यात ठेवण्याची. निदान पहिल्या दिवसापासून ओलं ठेवण्यासाठी साध्या पाण्याच्या फवाऱ्याची तरी.

गोड्या पाण्यातून आल्यामुळे काही गोष्टी सोप्याही होत्या, हे सांगायलाच हवं. मीठ काढायला महिनोन् महिने धुवावं लागलं नसतं. वासाच्या लाकडात २०००च्या सुमारास गंधकापासून आम्ल बनत असल्याचं दिसलं. त्याचा धोकाही इथे बराच कमी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं, मिशिगन सरोवरात त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. या सवलतींनीही कदाचित गैरसमज वाढवला असेल.

हॉफमनने बँका, संस्था, सरकार, सगळीकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. कर्ज वाढलं, जहाज १९८७ मध्ये विकलं गेलं आणि सात वर्षांनी मोडलं. त्याला एकट्याला दोषी धरण्यात अर्थ नाही. त्या वेळी सापडलेलं जहाज वर काढणं हेच कौतुकाचं मानलं जाई. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या शॅम्प्लेन सरोवरातली फिलाडेल्फिया ही ५४ फुटी तोफनौका याचं उदाहरण. ११ ऑक्टोबर १७७६ला वालकूर बेटाजवळच्या लढाईत ती बुडाली, १९३५ मध्ये वर काढली गेली, बरीच वर्षं खेळ मांडल्यासारखी दाखवत फिरवली आणि १९६१ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेकडे गेली. ती आजही आहे. पण ती ॲल्विन क्लार्कच्या निम्म्या लांबीची, सपाट तळाची, वरचं डेक नसलेली होडी आहे, आणि शेवटी तिच्यावर छप्पर आलं. त्या यशावरून १०५ फुटांच्या जहाजाचा अंदाज बांधणं चुकीचंच.

त्याच ठिकाणी आज सापडलं असतं तर

तिसरा पर्याय १९६९ मध्येही होता: मोजमाप, रेखाटनं, फोटो घेऊन जहाज पुन्हा उथळ, शांत, गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, आणि निधी जमल्यावर बाहेर काढायचं. भिजकं लाकूड पुन्हा भिजवल्याने त्याचं काही बिघडत नाही, पण वेळ मिळतो. तरंगणारं, तिकीट मिळवणारं जहाज परत बुडवायला मन मात्र कोणाचं झालं असतं!

आज हा प्रश्न एका माणसाच्या हातात राहिला नाही. १९८७च्या अमेरिकी कायद्याने राज्यांच्या तळजमिनीत रुतलेल्या सोडून दिलेल्या जहाजांची मालकी त्या त्या राज्याकडे दिली. वालकूरच्याच ताफ्यातली स्पिटफायर ही तोफनौका १९९७ मध्ये शॅम्प्लेनच्या तळाशी डोलकाठीसकट उभी सापडली आणि ती जागची हलवली गेली नाही. त्याच सरोवरात बर्लिंग्टनजवळ ५० फूट खोल असलेली, घोड्यांनी चालणारी फेरी तर जागेवरच मोजली गेली आणि पाणबुड्यांना बघायला खुली राहिली. तिथे नांगर टाकायचा नाही, ठरलेल्या बोयाला होडी बांधायची. नांगराने एका दुपारी होणारं नुकसान पाण्याला शंभर वर्षांत करता येत नाही.

तरी ‘जागेवरच ठेवा’ म्हणजे काम संपलं असं नाही. १९८८ मध्ये ह्युरॉन आणि ईरी यांच्या मधल्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला हा परका जीव पहिल्यांदा दिसला, पाठोपाठ त्याचाच भाऊबंद क्वागा आला, आणि क्वागा थंड, खोल पाण्यातही राहतो. बोटाच्या पेराएवढे हे शिंपले चिवट धाग्यांनी लाकडाला घट्ट चिकटतात आणि मेलेल्यांवर जिवंत बसतात. थर जाड होत जातो. त्याच्या वजनाने डेकच्या फळ्या आणि कठडे खचतात आणि थराखाली लोखंडी खिळे वेगाने गंजतात. खरवडून काढावेत तर धाग्यासोबत लाकडाचा मऊ थरही निघतो, म्हणून ते काढतही नाहीत. ग्रीन बेच्या तळाशी ठेवलेलं ॲल्विन क्लार्क आज असं शिंपल्यांखाली गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

त्यामुळे नवं जहाज सापडलं की सगळ्यात आधी, कोणी काहीही हलवण्यापूर्वी, त्याची नोंद होते. मोजपट्ट्या डेकवर ठेवून चारही बाजूंनी आणि वरून फोटो, प्रत्येक फोटो शेजारच्यावर निदान ६०-७० टक्के चढलेला, म्हणजे संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती जुळते. डोलकाठीचा कोन, कठड्यांची उंची आणि डेकच्या ठरावीक ठिकाणची पातळी दर मोसमात पुन्हा मोजली जाते. दोन प्रतिकृती एकमेकींवर ठेवल्या की कोणती फळी किती खचली ते दिसतं. ज्या खोलीत शिंपले अजून पोचलेले नाहीत, तिथल्या जहाजांचा नंबर आधी लावतात, कारण लाकूड उघडं दिसण्याचे त्यांचे थोडेच मोसम उरलेले असतात.